पोस्टग्रेस, मायएसक्यूएल की मारियाडीबी? आधी गेटवरची वही मोजा

आमच्या गोरेगावच्या ऑफिसात नवीन आलेलं कुणीही पहिल्या पंधरा दिवसांत एकदा तरी विचारतं, "सर, स्केल करायचं, म्हणजे वाढती वर्दळ पेलायची, तर पोस्टग्रेस घ्यायचा की मायएसक्यूएल?" मी उलट विचारतो, "सेकंदाला नोंदी किती?" यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, "खूप." आता खूप हा काही आकडा नाही. पण या एका शब्दापायी पाच-पाच मशिनचे क्लस्टर उभे राहिलेले मी पाहिलेत. तेच काम एका मशिनने डुलक्या काढत केलं असतं.

तुम्हाला जॉइन लिहिता येतो, इंडेक्स म्हणजे काय हे ऐकून माहीत आहे, पण डेटाबेस निवडायची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलीय, असं धरून लिहितोय. उदाहरण एकच घेतो: सोसायटीच्या गेटवरची वही. बोरिवली असो की मुलुंड, वॉचमनच्या टेबलावर ती असतेच. नाव, फ्लॅट नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, सही. आता वहीच्या जागी वॉचमनच्या हातात फोन आलाय, आणि तेच अ‍ॅप महिन्याच्या १ तारखेला मेंटेनन्सची बिलंही काढतं. असं अ‍ॅप तुम्हाला ५०० सोसायट्यांसाठी चालवायचंय.

पायरी १: कागद-पेन घ्या

एका सोसायटीत दिवसाला ४०० माणसं येतात असं धरा: कामवाल्या मावशी, डिलिव्हरीवाले, पाहुणे, इस्त्रीवाला. ५०० सोसायट्यांच्या झाल्या दिवसाला २ लाख नोंदी. प्रत्येक नोंदीला दोनदा हात लागतो, एकदा माणूस आत येताना आणि एकदा बाहेर जाताना. म्हणजे ४ लाख लेखनं. दिवसात सेकंद ८६,४००. भागाकार केला की सरासरी येते सेकंदाला पाचाच्याही आत.

सरासरीवर विसंबू नका, गर्दीची वेळ धरा. दिवसाची एक तृतीयांश वर्दळ संध्याकाळी ७ ते १० मध्ये होते म्हटलं तर सेकंदाला १२. गणेश चतुर्थीच्या दिवशी घरोघरी पाहुणे, म्हणून तिप्पट करा: ३७. त्यातही एखाद्या मिनिटाला झुंबड उडेल म्हणून पुन्हा तिप्पट करा. ताणून ताणून ११०-१२० होतात. साध्या एसएसडीच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल इतके छोटे व्यवहार आरामात पचवतो. म्हणजे नोंदींच्या वेगासाठी क्लस्टर लागणार नाही, हे कोड लिहायच्या आधीच कळलं.

जागेचा हिशोबही आत्ताच करून टाका. वर्षाला नोंदी ७ कोटी ३० लाख. एक ओळ २०० बाइट धरली तर सुमारे १५ जीबी, आणि इंडेक्स साधारण तेवढेच. वर्षाला ३० जीबी. इथे आपल्या माणसांची हमखास चूक होते ती मजकुराच्या लांबीत. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार यांनाही वेगवेगळं मोजतात. 'मुंबई' या शब्दात म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. रोमन लिपीत तेच नाव ६ बाइटांत बसतं. सदस्यांची नावं मराठीत ठेवणार असाल, आणि ठेवावीतच, तर हिशोब तसा करा.

मायएसक्यूएलमधला एक जुना खड्डाही याच वाटेवर आहे. तिथे 'यूटीएफ८' नावाचा जो अक्षरसंच पूर्वापार चालत आला, तो एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. मराठी त्यात नेमकी मावते, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग एक दिवस सेक्रेटरी नोटिशीच्या शेवटी हात जोडल्याची इमोजी टाकतात. इमोजीला ४ बाइट लागतात, आणि नोटीस सेव्हच होत नाही. यावर उपाय 'यूटीएफ८एमबी४', आणि २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून तोच डीफॉल्ट आहे. जुना डेटाबेस वारशात मिळाला असेल तर हे आधी तपासा.

पायरी २: घराणी ओळखून घ्या

हे पटकन उरकतो. पोस्टग्रेसचं मूळ बर्कलीच्या विद्यापीठात. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये प्रकल्प सुरू केला आणि १९९६ मध्ये त्याचं नाव पोस्टग्रेएसक्यूएल झालं. तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही आणि परवाना अगदी मोकळा आहे. मायएसक्यूएल १९९५ चा, स्वीडनमधला. २००८ मध्ये तो सन या कंपनीने घेतला, २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली, आणि मायएसक्यूएलही तिकडेच गेला. त्याच गडबडीत मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये वेगळी चूल मांडली, ती मारियाडीबी. त्यांच्या मोठ्या मुलीचं नाव 'मी' (रोमन लिपीत My), धाकटीचं मारिया. डेटाबेसांची नावं तिथूनच आली.

मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलच, फक्त पाटी बदललेली, हा समज आता सोडून द्या. सुरुवातीला ते खरं होतं. आज दोघांच्या रेप्लिकेशनचे (एका मशिनवरचे बदल दुसऱ्यावर उतरवत राहणं) जीटीआयडी, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शनचे ओळखक्रमांक, एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जेसन (सैल रचनेचा डेटा) हा प्रकार मायएसक्यूएलमध्ये खास बायनरी स्वरूपात साठतो, तर मारियाडीबीत तो लाँगटेक्स्टचं, म्हणजे लांब साध्या मजकुराचंच दुसरं नाव आहे.

एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या छोट्या डेटाबेसला या शर्यतीत धरू नका. पण वॉचमनच्या फोनमध्ये, बेसमेंटच्या गेटवर रेंज नसताना नोंदी साठवून ठेवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. एका वेळी एकच जण लिहू शकतो ही त्याची मर्यादा, आणि वॉचमन एकच असतो.

पायरी ३: तुलना लावा, पण सारख्या मापाने

तिन्ही डेटाबेस एकाच मशिनवर आलटून पालटून चालवा, एकाच वेळी नको. पोस्टग्रेससोबत पीजीबेंच हे वेग मोजायचं साधन येतं. त्याला स्केल १०० दिलं की मुख्य टेबलात १ कोटी ओळी भरल्या जातात आणि साधारण दीड जीबी डेटा होतो. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीसाठी सिसबेंच वापरा. ते पोस्टग्रेसवरही चालतं, म्हणून तुलनेला तेच बरं.

तयार चाचण्यांचे आकडे बघून लगेच मत बनवू नका. त्या बँकेच्या खात्यांसारख्या असतात, तुमची वही तशी नाही. स्वतःचं टेबल बनवा आणि त्यात १ कोटी खोट्या नोंदी भरा. पोस्टग्रेसमध्ये जनरेट-सिरीजने (क्रमाने आकडे बनवणारं फंक्शन) हे एका ओळीत होतं. मारियाडीबीत त्यासाठी सिक्वेन्स इंजिन आहे. मायएसक्यूएलमध्ये रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी क्वेरी) लिहावी लागते, आणि तिची खोली मुळात १,००० वर अडकवलेली असते, ती वाढवायला विसरलात की पहिल्याच फेरीत एरर. मग चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये तुमचीच तीन कामं घाला: नवीन नोंद, बाहेर गेल्याची वेळ टाकणं, आणि 'आत्ता आत कोण आहे' ही यादी. २० क्लायंट लावून निदान अर्धा तास चालू द्या. दोन मिनिटांत सगळेच डेटाबेस चांगले दिसतात.

मेमरीचं माप आधी नीट करा. डेटा हाताशी ठेवायची मेमरी, म्हणजे पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स आणि इनोडीबीचा (मायएसक्यूएल आणि मारियाडीबीचं साठवणीचं इंजिन) बफर पूल, दोन्ही मुळात १२८ एमबीच असतात, मग मशिनमध्ये १६ जीबी असो की ६४. स्वतंत्र मशिन असेल तर पोस्टग्रेसला साधारण पाव मेमरी द्या (उरलेल्यातली बरीच ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून त्याच्याच कामी येते) आणि इनोडीबीला अर्ध्याहून अधिक.

दुसरं माप म्हणजे डिस्कवर लिहिल्याची खात्री. पोस्टग्रेस मुळात प्रत्येक कमिटला (बदल पक्का करायची आज्ञा) लॉग, म्हणजे बदलांची नोंद, डिस्कवर पोचवूनच 'झालं' म्हणतो. मायएसक्यूएल ८.० इनोडीबीचा लॉग आणि बिनलॉग (रेप्लिकेशनसाठी ठेवलेली बदलांची वेगळी नोंद) असे दोन्ही पोचवतो. मारियाडीबीत बिनलॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी सिंक-बिनलॉग शून्यावर असतं, म्हणजे तो डिस्कवर पोचेपर्यंत थांबत नाही. त्यामुळे काहीही न बदलता तिघांना पळवलंत तर मारियाडीबी मायएसक्यूएलच्या पुढे दिसेल आणि तुम्ही खुशीत स्क्रीनशॉट पाठवाल. तो वेग मारियाडीबीच्या हुशारीचा नाही, तिने काम कमी केलंय एवढंच.

पायरी ४: 'बाहेर गेले' हा रकाना बघा

खरा फरक इथे आहे, म्हणून इथे जरा बसू.

वॉचमनने 'बाहेर' दाबलं की एक अपडेट होतं. पोस्टग्रेस जुनी ओळ खोडत नाही. तो पूर्ण ओळीची नवी प्रत लिहितो, आणि जुनी तिथेच मेलेली पडून राहते. ती नंतर व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसचा झाडूवाला, उचलतो. नवी प्रत नव्या जागी असल्यामुळे टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्सला तिचा नवा पत्ता द्यावा लागतो, मग त्या इंडेक्सच्या रकान्यात काही बदललेलं असो वा नसो.

यातून एक सुटका आहे, तिला हॉट अपडेट म्हणतात. बदललेला रकाना कुठल्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच ८ केबीच्या पानावर (डेटा साठवायचा तुकडा) जागा असेल, तर नवी प्रत तिथल्या तिथे बसते आणि इंडेक्सांना हात लागत नाही. पानावर जागा राहावी म्हणून टेबलाचा फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं ते) ९० वगैरे ठेवतात.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो. 'आत्ता आत कोण आहे' ही यादी हळू येत होती, म्हणून मी 'बाहेर गेले' या रकान्यावर इंडेक्स लावला. यादी झटक्यात यायला लागली. पण दोन आठवड्यांनी टेबल विचित्र फुगलं. आकडेवारीच्या व्ह्यूमध्ये, म्हणजे पीजी-स्टॅट-यूझर-टेबल्समध्ये बघितलं तर हॉट अपडेटचा आकडा जवळजवळ हललाच नव्हता. साहजिकच होतं, जो एकच रकाना प्रत्येक ओळीत एकदा बदलणार, त्याच्यावरच मी इंडेक्स ठेवला होता. टेबलावर आणखी चार इंडेक्स होते. प्रत्येक बाहेर जाणाऱ्या मावशींमागे पाचही इंडेक्सांत नवी नोंद जात होती.

मग पार्शियल इंडेक्स लावला, फक्त ज्यांचा 'बाहेर' रकाना रिकामा आहे त्यांच्यासाठी. तो अगदी छोटा राहतो, कारण आत असलेली माणसं कधीही काही हजारच. पण यातही एक गोम आहे: इंडेक्सच्या अटीत रकाना आला तरी हॉट अपडेट होत नाही. म्हणून शेवटी उरलेल्या चार इंडेक्सांपैकी दोन काढून टाकले. ते कुणीच वापरत नव्हतं. इंडेक्स किती वेळा वाचला गेला तेही पोस्टग्रेस मोजून ठेवतो, मीच बघितलं नव्हतं.

व्हॅक्यूमचं गणितही इथेच करा. ऑटोव्हॅक्यूम मुळात टेबलातल्या २० टक्के ओळी मेल्या की जागा होतो. ७ कोटी ३० लाखांच्या टेबलात २० टक्के म्हणजे १ कोटी ४६ लाख. घरात तेवढा कचरा साठेपर्यंत झाडू हातात घ्यायचा नाही, असा तो नियम. मोठ्या टेबलापुरतं हे प्रमाण ०.०१ किंवा ०.०२ करा, सगळ्या डेटाबेसला नको.

इनोडीबी हे वेगळ्या तऱ्हेने करतं. ओळ जागच्या जागी बदलते, जुनं रूप अनडू लॉगमध्ये जातं. बाकीचे इंडेक्स ओळीचा पत्ता न ठेवता तिची प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) ठेवतात, त्यामुळे जो रकाना बदलला त्याच्याच इंडेक्सला काम पडतं. पुष्कळ इंडेक्स आणि सतत अपडेट अशा टेबलात इनोडीबी वरचढ ठरतं ते यामुळे. उबरने २०१६ मध्ये पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जाताना जी कारणं मांडली, त्यात हेच ठळक होतं.

पण हे फुकट मिळत नाही. दुय्यम इंडेक्समधून शोधलं की आधी प्रायमरी की मिळते, मग तिच्यावरून ओळ, असा दुहेरी फेरा पडतो. शिवाय ओळी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठतात. की म्हणून रँडम यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही अशी लांब ओळखखूण) दिलात तर प्रत्येक नवीन नोंद कुठल्यातरी मधल्याच १६ केबीच्या पानात घुसते आणि पानं फुटत राहतात. चढता क्रमांक द्या, नाहीतर वेळेनुसार चढणारा यूयूआयडी, म्हणजे आवृत्ती ७.

एक आजार दोघांनाही आहे: उघडी राहिलेली ट्रान्झॅक्शन, म्हणजे बिगिनने सुरू केलेला पण कमिटने न संपवलेला कामांचा गट. कुणीतरी दुपारी बिगिन लिहून एक ओळ वाचतं, ती बदलतं आणि तसंच वडापाव खायला जातं. तोपर्यंत पोस्टग्रेसचा व्हॅक्यूम त्या क्षणानंतर मेलेल्या ओळी उचलू शकत नाही, आणि इनोडीबीचा अनडू इतिहास वाढत बसतो.

पायरी ५: कनेक्शन मोजा

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस (वेगळा चालणारा प्रोग्राम) देतो, मायएसक्यूएल एक थ्रेड (एकाच प्रोग्राममधला धागा). प्रोसेस जड, थ्रेड हलका. मूळ मर्यादा पोस्टग्रेसमध्ये १००, मायएसक्यूएलमध्ये १५१.

मी आधी जिथे होतो तिथली गोष्ट. मेंटेनन्स भरायची शेवटची तारीख १०, रात्रीचे नऊ वाजलेले. वर्दळ वाढली म्हणून कुणीतरी अ‍ॅपचे सर्व्हर चारवरून आठ केले. प्रत्येकाचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेला साठा, २० कनेक्शनचा. आधी ८० होत होती, आता १६०. मर्यादा १००. पोस्टग्रेसचा एरर मोठा विनम्र असतो: 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. पैसे भरणारे अडकलेच, पण ५०० गेटांवरचे फोनही अडकले, कारण डेटाबेस एकच. डेटाबेसच्या मशिनचा सीपीयू तेव्हा १५ टक्क्यांवर होता. सपोर्टला फोन आला तेव्हा एका वॉचमनकाकांनी शांतपणे सांगितलं, "मी ड्रॉवरमधली जुनी वही काढलीय, तुमचं झालं की कळवा."

मर्यादा १,००० करून ठेवणं हे त्यावर औषध नाही. मध्ये पीजीबाउन्सर हा मध्यस्थ बसवा, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये. अ‍ॅपकडून पाचशे कनेक्शन आली तरी तो डेटाबेसकडे वीस-तीसच नेतो, आणि एकाची ट्रान्झॅक्शन संपली की तेच कनेक्शन दुसऱ्याला देतो. या मोडमध्ये सेशनवर टिकून राहणाऱ्या गोष्टी, जसं सेट केलेली सेटिंग, लिसन (डेटाबेसकडून निरोप ऐकत राहणं), सेशनचे अ‍ॅडव्हायजरी लॉक (अ‍ॅपने स्वतः लावलेली कुलपं), यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरीची) अडचण पीजीबाउन्सरच्या २०२३ मध्ये आलेल्या १.२१ आवृत्तीपासून बरीचशी सुटलीय.

मायएसक्यूएलमध्ये ही वेळ उशिरा येते. हजारो कनेक्शन झाली की तिथेही थ्रेड पूल (मोजके थ्रेड सगळ्या कनेक्शनांत वाटून वापरणं) लागतो, आणि तो मायएसक्यूएलच्या मोफत आवृत्तीत नाही, पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत आहे. मारियाडीबी तो मोफत देते. छोट्या होस्टिंगवर हजार ठिकाणांहून थेट कनेक्शन येणार असतील, तर माझ्या मते मारियाडीबीची ही सगळ्यात मोठी जमेची बाजू.

पायरी ६: वाचन वाढलं की रेप्लिका, आणि तिचा उशीर

लेखनापेक्षा वाचन बहुतेक वेळा जास्त असतं. बिलं बघणारे, रिपोर्ट काढणारे खजिनदार, 'माझा पार्सलवाला आला का' म्हणून तपासणारे. हे सगळं दुसऱ्या मशिनवरच्या प्रतीवर ढकलता येतं. पोस्टग्रेसमध्ये स्ट्रीमिंग रेप्लिकेशन २०१० पासून आहे. मायएसक्यूएलची सोय त्याहून जुनी आणि पुष्कळ हातांखालून गेलेली. पोस्टग्रेसच्या प्रतीवर तीच मोठी आवृत्ती लागते. वेगळ्या आवृत्तीकडे जायचं तर लॉजिकल रेप्लिकेशन (फायलींऐवजी ओळींमधले बदल पाठवणं), जे आवृत्ती १० पासून मूळ डेटाबेसमध्येच आहे.

दोन्हीकडे मुळात प्रत मागून येते. मुख्य मशिन 'झालं' म्हणतं तेव्हा प्रतीवर ते पोचलेलं असेलच असं नाही. एरवी हा उशीर जाणवतही नाही. पण १ तारखेला ७५,००० बिलं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये काढलीत तर प्रत धापा टाकते. त्याच वेळी एखाद्या काकूंनी पैसे भरले, अ‍ॅपने पुढची स्क्रीन प्रतीवरून वाचली, आणि त्यांना दिसलं 'बाकी'. काकू पुन्हा पैसे भरतात, आणि दुसऱ्या दिवशी परतावा मागायला फोन करतात. म्हणून साधा नियम: ज्याने आत्ता लिहिलं, त्याचं पुढचं वाचन काही सेकंद मुख्य मशिनवरूनच. आणि बिलं सोसायटीगणिक वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये काढा.

मुख्य मशिन पडलं तर प्रत आपोआप मुख्य होत नाही. ते काम करायला पोस्टग्रेससाठी लोक पॅट्रोनी हे साधन वापरतात, मायएसक्यूएलमध्ये ग्रुप रेप्लिकेशन आहे. मारियाडीबीसाठी गॅलेरा आहे, ज्यात कुठल्याही मशिनवर लिहिता येतं. हे ऐकून नवीन मंडळींना वाटतं, तीन मशिन म्हणजे लिहिण्याची ताकद तिप्पट. तसं होत नाही, कारण प्रत्येक लेखन तिन्ही मशिनना करावंच लागतं. गॅलेरा मशिन पडल्यावर काम चालू ठेवण्यासाठी चांगलं. दोन ठिकाणी एकच ओळ बदलली तर एकाला डेडलॉकचा (दोन बदल एकमेकांत अडकल्याचा) एरर मिळतो, आणि पुन्हा प्रयत्न करायचं काम तुमच्या कोडचं.

पायरी ७: जुनी पानं वेगळी करा

दोन वर्षांपूर्वी इस्त्रीवाला किती वाजता आला हे कुणी विचारत नाही. वहीचे महिन्यागणिक भाग पाडा. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून पार्टिशन सरळ लिहिता येतात. जुना महिना काढायचा तर अख्खं पार्टिशन एका झटक्यात ड्रॉप करा. डिलीट मारलीत तर ६० लाख मेलेल्या ओळी आणि व्हॅक्यूमला जागरण.

दोन्हीकडे एक अट आहे: प्रायमरी कीमध्ये पार्टिशनचा रकाना असावाच लागतो. नुसता नोंदक्रमांक चालणार नाही, नोंदक्रमांक आणि तारीख मिळून की करावी लागेल. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक: पार्टिशन केलेल्या इनोडीबी टेबलाला फॉरेन की लावता येत नाही. पोस्टग्रेसमध्ये लावता येते. हे सगळं टेबल बनवतानाच ठरवा. ७ कोटी ओळी भरल्यावर प्रायमरी की बदलणं म्हणजे भाडेकरूंना घरात ठेवून पाया खणणं.

पायरी ८: शार्डिंग, लागलंच तर

५०० च्या ५०,००० सोसायट्या झाल्या असं धरू. गर्दीत सेकंदाला दहा-बारा हजार लेखनं, वर्षाला तीन टीबी. आता एका मशिनला ओझं व्हायला लागेल. मग डेटा कापून अनेक मशिनवर वाटायचा, त्यालाच शार्डिंग म्हणतात, आणि एकेका वाट्याला शार्ड.

आपल्या उदाहरणाचं नशीब असं की कापायची जागा उघड दिसते: सोसायटी क्रमांक. मुलुंडच्या सोसायटीला बोरिवलीच्या वहीशी काही देणंघेणं नसतं. म्हणून तो रकाना पहिल्या दिवसापासून प्रत्येक टेबलात ठेवा, अगदी बिलाच्या तपशिलातसुद्धा. आज त्याचा उपयोग दिसणार नाही. पण तो नसेल तर त्या दिवशी प्रत्येक क्वेरी नव्याने लिहावी लागेल.

पोस्टग्रेसवर सायटस हे एक्स्टेन्शन आहे. त्याला वाटणीचा रकाना सांगितला की टेबल अनेक मशिनवर पसरतं, आणि एकाच सोसायटीची क्वेरी एकाच मशिनवर जाते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सायटस बनवणारी कंपनी घेतली आणि २०२२ पासून सायटस पूर्ण ओपन सोर्स आहे. मायएसक्यूएलसाठी व्हिटेस, जे यूट्यूबमध्ये २०१० च्या सुमारास तयार झालं. कुठलंही एक्स्टेन्शन न घेता हाताने केलं तरी जमतं. इन्स्टाग्रामने सुरुवातीच्या काळात पोस्टग्रेसवर तसंच केलं होतं: ६४ बिटच्या आयडीत ४१ बिट वेळेला, १३ बिट शार्डला, १० बिट क्रमांकाला. आयडी बघितला की ओळ कुठल्या शार्डमध्ये आहे ते कळतं.

तिसरा मार्ग म्हणजे मुळातच वाटून राहणारे डेटाबेस. टायडीबी मायएसक्यूएलची भाषा बोलतो, युगाबाइट पोस्टग्रेसची. दोन्हींचा गाभा अपाचे या मोकळ्या परवान्याखाली आहे. कॉक्रोचडीबीचं नाव याच यादीत अजून दिसतं, पण २०१९ पासून त्याचा परवाना बदलत गेलाय आणि आता तो ओपन सोर्समध्ये मोडत नाही. परवान्याची फाइल स्वतः उघडून वाचा, दोन वर्षांपूर्वीच्या तुलनेच्या तक्त्यावर जाऊ नका.

या डेटाबेसांत प्रत्येक लेखनाला बहुतेक प्रतींची संमती लागते, तीनपैकी दोन. तिन्ही प्रती मुंबईतच वेगवेगळ्या झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) असतील तर ते फार जाणवत नाही. पण एखादी आपत्ती आली तर म्हणून प्रती लांब ठेवायचा मोह होतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत सहाशेवर किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान ६ मिलिसेकंद. सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, निदान ३९. केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. एका स्क्रीनमागे तुमचा कोड एकापाठोपाठ दहा लेखनं करत असेल तर सिंगापूरच्या संमतीत चारशे मिलिसेकंद गेले, आणि कुठलीही सेटिंग ते परत आणणार नाही.

मग घ्यायचा कुठला?

टीम नवीन असेल आणि जुनं ओझं नसेल, तर मी डोळे मिटून पोस्टग्रेस घेतो. रिपोर्टच्या किचकट क्वेरी तो नीट पेलतो, आणि पुढे वाढलंच तर सायटस, युगाबाइट असे रस्ते उघडे राहतात. व्हॅक्यूम आणि कनेक्शन या दोन गोष्टी मात्र शिकाव्याच लागतात. ज्या टीममध्ये रात्री दोनला उठून मायएसक्यूएलचं रेप्लिकेशन दुरुस्त करू शकेल असा माणूस आहे, तिथे मायएसक्यूएलच ठेवा, माझं ऐकू नका. होस्टिंगवाला मारियाडीबीच देत असेल तर तिच्यावरही हे अ‍ॅप नीट चालेल. आपला सेकंदाला ११० चा आकडा तिघांनाही खेळ आहे.

एक काम मात्र डेटाबेस कुठलाही घेतला तरी पहिल्या महिन्यात करा. बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशिनवर परत उभा करा, आणि घड्याळ लावा. पीजी-डंप किंवा मायएसक्यूएल-डंपने घेतलेला बॅकअप भरताना सगळे इंडेक्स नव्याने बांधावे लागतात, त्यामुळे घ्यायला वीस मिनिटं लागलेला डंप भरायला दोन-तीन तास घेऊ शकतो. पीजी-बेसबॅकअप किंवा मारियाबॅकअप फायलीच उचलतात, म्हणून मोठ्या डेटाला ते बरे. मिळालेला आकडा एका कागदावर लिहून सपोर्टच्या टेबलावर चिकटवा: इतके तास. गेटवरून फोन आला की वॉचमनकाकांना तोच सांगायचा, म्हणजे जुनी वही किती वेळ चालवायची ते त्यांना कळेल.